इतर हक्कातला व्हायरस

संगणकानं मला माझ्याच घरात परकं ठरवलं, तेव्हा गावची यात्रा बारा दिवसांवर आली होती. सन २००९, चैत्र महिना, दुपारी लाईट असण्याचे तीन तास. पडद्यावर एक चौकोन उमटला. त्यात तांबडा गोल, गोलात फुली आणि शेजारी इंग्रजी वाक्य. मतलब असा, की रजिस्ट्रीत फेरफार करायला तुमच्या अॅडमिनिस्ट्रेटरनं बंदी घातली आहे. मी चष्मा पुसून पुन्हा वाचायला घेतलं, तोवर पडदा काळा झाला आणि यंत्र पहिल्यापासून सुरू झालं.

आता अॅडमिनिस्ट्रेटर म्हणजे मीच. यंत्र चालू केलं की 'गुरुजी' असं नाव यायचं आणि शेजारी माझ्या मुलानं निवडलेलं पिवळं बदक. मग मी बंदी घातली कधी? हिला विचारलं, "मी कशाला बंदी घातल्याचं तुला आठवतं का?"

"या घरात?" ती म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

आमचं गाव आंबेगाव तालुक्यात, सातगाव पठारावर. पावसाळ्यात बटाटा आणि उरलेलं वर्ष त्या बटाट्याच्या भावाची चर्चा, अशी आमची दोन पिकं. मी जिल्हा परिषदेचा मास्तर, पण चार एकर जमीन असल्यामुळं दोन्ही पिकं घेतो. एका साली पहिलं पीक बरं गेलं आणि मी मंचरहून संगणक आणला. त्याची किंमत फक्त पैशात मोजली असती तर परवडला असता. पण ज्याच्या घरी संगणक तो यात्रा कमिटीचा चिटणीस, असं त्याच आठवड्यात पारावर ठरलं. मला कुणी विचारलं नाही. मी तेव्हा घरी माऊस कसा धरायचा ते शिकत होतो.

तोवर वर्गणीचा हिशोब तात्यांच्या लाल वहीत असायचा. तात्यांचं अक्षर फक्त तात्यांना लागायचं, त्यामुळं तीस वर्षांत हिशोबावर एकही हरकत आली नव्हती. मी तो एक्सेलमध्ये घातला. नाव, घर, रक्कम, जमा, बाकी. बाकीचा रकाना हौसेनं तांबडा केला. त्या तांबड्या रंगानं गावात माझे जेवढे शत्रू केले, तेवढे पंचवीस वर्षांच्या छडीनं केले नव्हते.

आजार आला दबकत. आधी 'यात्रा' नावाच्या फोल्डरच्या पोटात आणखी एक 'यात्रा' दिसायला लागला. तो उघडला की भलतंच कपाट उघडायचं. मग 'वर्गणी'च्या पोटात 'वर्गणी'. मला वाटलं, मुलगा खेळतोय. मुलाला वाटलं, बाबा शिकतायत. मग यंत्र आपोआप बंद होऊन चालू व्हायला लागलं. याबद्दल मी तीन आठवडे विजेला शिव्या दिल्या. भारनियमनाच्या त्या काळात यंत्र बंद पडलं तर दुसरा संशय घ्यायला जागाच नव्हती. एके दिवशी यंत्र बंद पडलं आणि डोक्यावरचा पंखा मात्र फिरत राहिला. पंख्याकडे बघत मी बराच वेळ बसलो. मग उठून पुण्याला पुतण्याला फोन लावला.

पुतण्या इंजिनिअरिंगला. तो म्हणाला, "काका, टूल्समध्ये जाऊन फोल्डर ऑप्शन्स उघडा." टूल्समध्ये फोल्डर ऑप्शन्स नव्हतं. त्याच्या जागी खड्डाही नव्हता. वरची आणि खालची ओळ एकमेकींना चिकटून अशा उभ्या होत्या, की मधे कधी कुणी नव्हतंच. "मग रेगएडिट उघडा," पुतण्या म्हणाला. तेव्हाच तो वर सांगितलेला चौकोन आला आणि गेला. गेला म्हणजे घाटातली बैलगाड्याची बारीच. गाडा सुटला असं म्हणेपर्यंत निशाणापाशी धूळ. आम्ही काठावर तोंड उघडं टाकून.

"व्हायरस आहे," पुतण्या म्हणाला. "कुणाचा पेनड्राइव्ह लावला होता?"

हा प्रश्न मी कमिटीत विचारला. गावात तेव्हा पेनड्राइव्ह एकच होता. निळा, दोन जीबीचा, चपलेच्या पट्ट्याएवढी नाडी असलेला. तो कुणाच्या मालकीचा नव्हता, गावकीच्या भांड्यांसारखा ज्याला लागेल तो न्यायचा. यात्रेच्या फ्लेक्ससाठी तो मंचरला गेला होता, फोटोसाठी स्टुडिओत गेला होता, काकड्याच्या अभंगांसाठी एकदा देवळात आणि इतर गाण्यांसाठी अनेकदा इतरत्र गेला होता. पण त्या सभेत कुणीच तो कधी पाहिला नव्हता. आमचे अध्यक्ष आण्णा, ज्यांच्या सदऱ्याच्या खिशातून ती नाडी त्या क्षणी बाहेर लोंबत होती, ते म्हणाले, "पेनड्राइव्ह म्हंजी नेमकं काय असतं ओ गुरुजी?"

लाहोरच्या दोन भावांनी १९८६ साली 'ब्रेन' नावाचा व्हायरस केला, पीसीवरच्या अगदी पहिल्यांपैकी एक. त्यात त्यांनी आपली नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर लिहून ठेवला होता. हे पुढं मला कळलं, तेव्हा त्या माणसांबद्दल आदर वाटला. आमच्या गावात एवढी जबाबदारी घेणारा माणूस ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतही मिळत नाही.

आजाराची बातमी फुटली आणि उपचार सांगणारे यायला लागले. जनावरांचे डॉक्टर लाळ्या-खुरकूतची लस टोचायला आले होते, त्यांनी गोठ्यातूनच विचारलं, "दुसऱ्या कुठल्या मशिनच्या संपर्कात आलंय का? वेगळं बांधा. गव्हाण वेगळी, पाणी वेगळं." तेव्हा मी हसलो. त्या सगळ्या प्रकरणात तेवढा एकच सल्ला शास्त्रशुद्ध होता, हे समजायला मला महिना लागला.

मेहुण्यांनी खोडदहून त्यांच्या शेजाऱ्याला पाठवलं. जुन्नर तालुक्यातलं खोडद म्हणजे जीएमआरटीची ती प्रचंड रेडिओ दुर्बीण. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशाकडं तोंड करून, कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी टिपत उभ्या. मेहुणे म्हणाले, "हा माणूस रोज दुर्बिणीतच असतो. तुझा एक डबा त्याला काय जड?" पाहुण्यांनी चहा घेतला, यंत्राभोवती एक फेरी मारली, मागच्या वायरी मोजल्या. मी अदबीनं विचारलं, "आपण तिथं कोणत्या विभागात?" म्हणाले, "मी आवारातलं गवत काढतो." नंतर त्यांनी स्वतःहूनच हिच्या परसातल्या गाजरगवतावर चांगला अर्धा तास सल्ला दिला आणि तो उपयोगी पडला.

मंचरच्या संगणकवाल्या पोरानं यंत्राकडं न बघताच निदान केलं. "फॉरमॅट मारावं लागंल."

"आतलं सगळं राहील ना?"

"आतलं सगळं जाईल."

"मग उपयोग काय?"

"व्हायरस पण जाईल ना."

त्याच्याकडं येणाऱ्या प्रत्येक यंत्राला तो हेच औषध द्यायचा. की-बोर्डवर चहा सांडला तरी फॉरमॅट. पूर्वी आमच्याकडे एक वैद्य होते, त्यांच्याकडं पोटदुखीपासून लग्न न जमण्यापर्यंत सगळ्यावर एरंडेल असायचं. दोघांचंही तत्त्व एकच, की आत काही शिल्लक ठेवायचं नाही. पण माझ्या आत एक लाख बेचाळीस हजारांचा हिशोब होता. तमाशाची सुपारी ठरली होती. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या पडतात, तिथं जाऊन आण्णांनी इसार दिला होता आणि बाकी रक्कम खेळाच्या रात्री मोजायची होती. कुणी किती दिले आणि कुणाचे किती यायचे, हे त्या यंत्राखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. तात्या लाल वही घेऊन रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावरून दोनदा जायचे. बोलायचे काही नाहीत. वही फक्त या काखेतून त्या काखेत घ्यायचे.

अखेर पुतण्यानं एसटीच्या कंडक्टरबरोबर एक सीडी पाठवली. सीडीतल्या औषधानं रात्रभर यंत्र विंचरलं आणि सकाळी रोगाचं नाव सांगितलं, ब्रॉन्टॉक. गाव इंडोनेशिया. आपल्याकडं जिला मोरघार म्हणतात, त्या शिकारी पक्ष्याचं हे तिकडचं नाव. पुतण्यानं सांगितलं, की हा व्हायरस ईमेलमधून जायचा तेव्हा सोबत संदेश द्यायचा. देशाची सडण थांबवा, लाचखोरांना आणि तस्करांना तुरुंगात घाला, जंगलं जाळू नका, शिकार करू नका. म्हणजे व्हायरस विचारांनी चांगला होता. दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरायचं, त्याच्या कपाटांना कुलपं ठोकायची आणि मग नीतीवर बोलायचं, हा प्रकार मला ओळखीचा वाटला. आमच्या आत्याबाई उन्हाळ्यात महिनाभर राहायला येतात.

सगळे मिळून चारशे बारा ब्रॉन्टॉक मेले. मी पेढे आणले. तात्यांनाही दिला. त्यांनी तो वहीच्या हातानंच घेतला.

मग विजयी मुद्रेनं टूल्स उघडलं. फोल्डर ऑप्शन्स नाही! रेगएडिट लिहिलं. तोच चौकोन, तीच फुली, तीच बंदी. फरक एवढाच, की आधी यंत्र तो चौकोन वाचू देत नव्हतं; आता यंत्र बंद होत नव्हतं, चौकोन निवांत समोर बसून होता. हवा तितका वेळ वाचा.

"चोर मेला ना रे?" मी फोनवर ओरडलो.

"मेला काका. पण त्यानं लावलेली कुलपं तशीच आहेत. अँटिव्हायरस व्हायरस काढतो, सेटिंग परत लावत नाही."

"मेलेल्याची बंदी कशी काय चालते?"

पुतण्या विचारात पडला. मग तो जे बोलला त्यावरून त्याच्या शिक्षणाचा खर्च वाया जात नाही अशी माझी खात्री झाली. "काका, रजिस्ट्री म्हणजे संगणकाचा सातबारा समजा. व्हायरसनं तुमच्या इतर हक्कात बोजा चढवला. आता सावकार मेला, कर्जही मिटलं. पण बोजा कमी केल्याचा फेरफार कुणी केला?"

सातबारा म्हटल्यावर मला एकदम सगळं उमगलं. आमच्या उताऱ्यावर १९७८ साली घेतलेल्या विहिरीच्या कर्जाचा बोजा होता. कर्ज १९८६ ला फिटलं, वडील १९९४ ला गेले, विहीर २००३ ला आटली. बोजा ठणठणीत होता. पीककर्जाला गेलो की समोरचा माणूस उताऱ्यावर बोट ठेवायचा आणि मी वडिलांच्या वतीनं आटलेल्या विहिरीत डोकं घालायचो.

"मग कर की फेरफार."

"तेच तर. फेरफाराची वही उघडायलाच त्यानं बंदी घातलीय. डिसेबल रजिस्ट्री टूल्स अशी एक नोंद आहे, तिथं एक लिहिलंय. ते काढलं की झालं. पण काढायला वही उघडावी लागणार आणि वही उघडायला ते काढावं लागणार."

हेही मला नवीन नव्हतं. रहिवासी दाखल्यासाठी रेशनकार्ड आणि रेशनकार्डासाठी रहिवासी दाखला हा घाट मी चढून उतरलेलो आहे. अशा वेळी परसदार शोधायचं असतं. पुतण्याला ते माहीत होतं. नोटपॅडमध्ये आठ-दहा ओळी लिहायच्या, फाइलच्या नावापुढं आयएनएफ लावायचं आणि उजवं बटण दाबून 'इन्स्टॉल' म्हणायचं. पुढच्या दारावरचा पहारेकरी आयएनएफला अडवत नाही, कारण ते दार गवंड्यांचं.

आता त्या ओळी. पुतण्याची परीक्षा, त्यामुळं त्या फोनवरच घ्यायच्या. मोबाइलला रेंज आमच्या घरात फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीवर चढलं की. संगणक खाली माजघरात. लाईट रात्री दहाला. म्हणून रात्री साडेदहाला मी टाकीवर, मुलगा जिन्यात आणि ही संगणकासमोर अशी साखळी लावली. हिला बसवलं, कारण लग्नाआधी तिनं घोडेगावला टायपिंगच्या परीक्षा दिल्या होत्या, मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस. माझा वेग मिनिटाला दोन अक्षरं, तीही शेजारशेजारची असली तर.

"चौकटी कंसात व्हर्जन!" पुतण्या म्हणाला. मी ओरडलो. मुलगा ओरडला. खालून टकटक आली आणि "पुढं!"

"सिग्नेचर, बरोबरचं चिन्ह, अवतरण, डॉलर, शिकागो, डॉलर, अवतरण बंद!"

"डॉलर काय?"

"शिकागो, काका. विंडोज पंच्याण्णव तयार होत असताना त्याचं टोपणनाव होतं ते. अजून लिहावं लागतं."

चौदा वर्षं झाली होती बारशाला, आणि पाळण्यातलं नाव अजून सहीत! पण वाद घालायची ती वेळ नव्हती. मी दोन्ही हातांचा कर्णा करून गर्जलो, "डॉलर! शिकागो! डॉलर!"

आमच्या भागात रात्री साडेदहाला टाकीवर चढून कुणी ओरडलं तर त्याचा अर्थ एकच होतो. जुन्नर-आंबेगावात उसाबरोबर बिबट्याही रुजला. जुन्नरजवळ माणिकडोहला त्यांचं निवारा केंद्र आहे आणि बाकीचे आमच्याकडं मोकळे असतात. पाच मिनिटांत वस्तीवरच्या सगळ्या बॅटऱ्या आमच्या अंगणात. कुणी काठी, कुणी पत्र्याचा डबा, एकानं तर यात्रेसाठी आणलेली फटाक्यांची माळ.

"कुठंय ओ गुरुजी?"

"काही नाही, रजिस्ट्री चाललीय."

"राती? कुणाची?" जमिनीच्या व्यवहाराचा वास आल्यावर गर्दी पांगण्याऐवजी खाली बसली. मीही थांबू शकत नव्हतो, पुतण्याच्या मोबाइलमध्ये बॅलन्स माझाच होता.

"सॉफ्टवेअर, उलटी रेघ! मायक्रोसॉफ्ट, उलटी रेघ!"

जिन्यातून मुलगा, "आई, उलटी! अजून एक उलटी!"

आतल्या खोलीतून म्हातारीचा आवाज, "अगं, लिंबू-साखर दे त्याला!"

सगळ्या ओळी संपल्या तेव्हा अकरा वाजून गेले होते. फाइल जतन केली आणि उजव्या बटणावर इन्स्टॉल येईना. पुतण्या म्हणाला, यंत्रानं नावापुढं गुपचूप टीएक्सटी चिकटवलं असणार. ते दिसायला हवं तर फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन... तो थांबला. मीही थांबलो. टाकीवर वारा छान होता. फोल्डर ऑप्शन्स परत मिळवायला फोल्डर ऑप्शन्स लागत होतं.

खालून हिचा आवाज आला, मुलाच्या मध्यस्थीशिवाय, थेट. "मी सेव्ह अॅजमध्ये खाली ऑल फाइल्स निवडून नाव पुन्हा दिलंय. इन्स्टॉल आलं. दाबू का?"

"दाब!"

"दाबलं. काहीच झालं नाही."

"काहीच झालं नाही म्हणजे झालं!" पुतण्या ओरडला. यंत्र एकदा बंद करून चालू केलं. मी टाकीवरून उतरून धावलो. टूल्स उघडलं आणि तिथं, वरच्या-खालच्या ओळीच्या मधे, रुसून माहेरी गेलेल्या माणसासारखं थोडं अंग चोरून, फोल्डर ऑप्शन्स उभं होतं. रेगएडिटही उघडलं. त्यात काय आहे ते मला कळलं नाही, पण मी ते तीन वेळा उघडलं आणि तीन वेळा बंद केलं.

'वर्गणी' उघडली. एक लाख बेचाळीस हजार जागच्या जागी, बाकीचा रकाना तांबडाच.

सकाळी पारावर गेलो तर बोलणी थांबली. दुपारी आण्णा घरी आले, चहा नको म्हणाले. आमच्याकडं चहा नको म्हणणं म्हणजे नोटीस. "गुरुजी, तुमच्यावर आमचा इश्वास हाय," त्यांनी सुरुवात केली, तेव्हाच मी समजलो. "पण शिकागोला किती गेलं?"

"कुठं?"

"राती समद्यांनी ऐकलं. तुम्ही टाकीवर, पोरगं जिन्यात, वहिनी खाली. डॉलर, शिकागो, डॉलर. दोनदा डॉलर. मधीच रजिस्ट्री बी झाली म्हन्त्यात."

मी सांगायचा प्रयत्न केला. विंडोज पंच्याण्णवचं टोपणनाव सांगितलं, सहीचं सांगितलं, व्हायरस इंडोनेशियाचा होता हेही सांगितलं. त्यानं फक्त देशांची संख्या वाढली. निवृत्त ग्रामसेवक म्हणाले, "शिकागोला आपल्याकडचे विवेकानंद गेले होते, १८९३ साली. पण ते वर्गणी काढून गेले, घेऊन नव्हे."

यात्रा झाली. तमाशा झाला, सुपारीची बाकी पूर्ण गेली, सात हजार तीनशे शिल्लक राहिले. हिशोबाच्या सभेत मी छापील कागद वाटले. लोकांनी ते उन्हाला धरून पाहिले. एकाही रकमेवर हरकत आली नाही. मी सुटकेचा श्वास सोडणार, तेवढ्यात तात्या उठले. काखेतली वही त्यांनी पहिल्यांदा उघडली, त्यात पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "समदं बराबर हाय. शिकागोचा रकाना दिसत नाय."

मग काय करणार? सभेतून उठून घरी गेलो. यंत्र चालू केलं. तिथं आता 'गुरुजी' नव्हतं, बदकही नव्हतं. हिचं नाव होतं, शेजारी फुलाचं चित्र आणि खाली पासवर्डची चौकट. "अहो, तुम्ही मागं व्हा," असं म्हणून हिनंच तो भरला. पंख्यांच्या भाड्याच्या आणि नारळ-हारांच्या मधे मी एक ओळ घातली, 'शिकागो', आणि पुढं रकमेच्या जागी 'निरंक'. नवीन प्रत काढून सभेत वाटली. टाळ्या पडल्या.

त्यानंतर चार संगणक बदलले. यात्रेचा हिशोब मी अजून लिहितो आणि दर वर्षी जुनीच फाइल उघडून नवे आकडे भरतो. मागच्या वर्षी कमिटीतल्या एका नव्या पोरानं विचारलं, "गुरुजी, हे शिकागो काय आहे? काढून टाकू का?" मी त्याचा हात धरला. एवढ्या वर्षांनी ती ओळ गायब झालेली तात्यांच्या नातवाला दिसली, तर तो पहिला प्रश्न कोणता विचारेल?

यंदाही आहे. पंख्यांच्या खाली, नारळांच्या वर. शिकागो : निरंक.